मुलाच्या मापाची बंदूक

आमच्याकडे इथे मिनेसोटात बारावी पास झालेल्या पोराला ग्रॅज्युएट म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो, बारावीला कसलं आलंय ग्रॅज्युएशन, पण आता वीस वर्षं इथे काढल्यावर मीच ऑफिसात सांगत फिरलो की मुलगा ग्रॅज्युएट होतोय. जूनमध्ये पार्टी, तीही गॅरेजमध्ये, गाड्या बाहेर काढून टेबलं मांडायची, मुलाचे लहानपणापासूनचे फोटो दोरीवर चिमट्यांनी लटकवायचे, आणि शेजारीपाजारी येऊन खाऊन पाकीट ठेवून जातात. आम्ही पावभाजी ठेवली होती. पण पार्टीचं राहू दे, मला सांगायचंय ते भेटवस्तूचं. मी माझ्या मुलाला बंदूक घेऊन दिली.

हे वाक्य लिहितानाही जरा अडखळायला होतं. कुडाळला भावाला फोनवर सांगितलं तर पाच सेकंद पलीकडून काही आवाजच नाही, मग म्हणाला, "तुका काय झालाहा काय?"

तर आधी पार्श्वभूमी. मुलगा नववीत असताना एक दिवस कागद घेऊन आला, शाळेच्या ट्रॅप शूटिंग टीममध्ये जायचंय म्हणून सही पाहिजे. मला वाटलं हा गंमत करतोय. क्रिकेट नाही, सॉकर नाही, बंदूक? पण इथे तो खरंच शाळेचा खेळ आहे. २००१ साली मिनेसोटातच याची सुरुवात झाली, गन क्लबांमध्ये सगळे म्हातारेच उरले होते म्हणून शाळेतली मुलं आणायची असा साधा हिशोब होता, आणि आता दर वर्षी जूनमध्ये अलेक्झांड्रिया नावाच्या गावी जी राज्यस्पर्धा होते तिला हजारो मुलंमुली येतात. बंदूक शाळेच्या आवारात कधीच येत नाही, सराव गन क्लबवर. आधी सरकारी फायरआर्म सेफ्टीचा कोर्स पास व्हावा लागतो. मुलं-मुली एकाच टीममध्ये, आणि बेंचवर कोणी बसत नाही, प्रत्येकाला तेवढेच शॉट. आमचं चिरंजीव चष्मिष्ट, किडकिडीत, बास्केटबॉलला तीन वर्षं फक्त पाण्याच्या बाटल्या सांभाळलेल्या. त्याला हे 'प्रत्येकाला तेवढेच शॉट' फार आवडलं असणार. मी सही केली. बायकोने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

ट्रॅप म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. समोर जमिनीत अर्धवट गाडलेली एक बुटकी खोली असते, तिच्या आत मशीन, ते भगव्या रंगाची एक थाळी हवेत फेकतं. थाळी म्हणजे साधारण १०८ मिलिमीटर व्यासाची, डांबरासारखा पदार्थ आणि चुनखडीची पूड यांची. तिला क्ले पिजन म्हणतात, मातीचं कबुतर, कारण एके काळी खरीच कबुतरं सोडायचे. तुम्ही १६ यार्ड मागे उभे, 'पुल' असं ओरडायचं, आणि थाळी डावीकडे जाईल की उजवीकडे की सरळ हे तुम्हाला माहीत नसतं. पाच जागा, प्रत्येक जागी पाच शॉट, पंचवीसचा एक राउंड. काडतुसात चारशेच्या आसपास बारीक छरे. लागलं तर हवेत काळ्या धुराचा पुंजका होतो आणि तो बघायला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटतं.

पहिल्या वर्षी त्याचा स्कोअर बघवत नव्हता. पंचवीसातले आठ, दहा. क्लबची बंदूक वापरायचा, मापात बसत नव्हती, गालावर निळा डाग घेऊन यायचा. मग कोचच्या, म्हणजे शनिवारी फुकट येणाऱ्या एका निवृत्त प्लंबरच्या, लक्षात आलं की याचे सगळे शॉट डावीकडून जातायत. त्याने पोराला दोन्ही हात पुढे करून बोटांचा त्रिकोण करायला लावला, त्यातून लांबचा एक खांब बघायला सांगितला आणि मग एकेक डोळा मिटायला. उजवा उघडा ठेवला की खांब गायब, डावा उघडा ठेवला की खांब बरोबर त्रिकोणात. म्हणजे हाताने उजवा आणि डोळ्याने डावखुरा. आपले दोन डोळे सारख्या अधिकाराचे नसतात, एक मुख्य असतो, आणि बंदूक उजव्या खांद्यावर आणि मुख्य डोळा डावा असला की दोन्ही डोळे उघडे ठेवल्यावर सगळा घोटाळा. आधी चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून बघितला, मग एका अख्ख्या हिवाळ्यात, बाहेर उणे वीस असताना, तळघरात आरशासमोर रिकामी बंदूक डाव्या खांद्याला लावायची प्रॅक्टिस केली पोराने. पुढच्या वसंतात पंचवीसातले एकोणीस.

हे सगळं मला कोचने सांगितलं, मुलाने नाही. चौदा वर्षं मी त्या पोराच्या समोर जेवलोय. त्याचा कुठला डोळा मुख्य हे एका परक्या प्लंबरला माझ्याआधी कळलं.

तर बारावीचं वर्ष आलं आणि काय द्यायचं हा प्रश्न. मला बारावीला माझ्या वडिलांनी, अण्णांनी, एचएमटीचं घड्याळ दिलं होतं, ते अजून आहे. इथे आमच्या गल्लीतल्या एकाने त्याच्या मुलीला आजोबांची रेमिंग्टन ८७० दिली, १९५० पासून निघणारी साधी पंप ॲक्शन, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायची, इथल्या निम्म्या घरांच्या कपाटात असेल अशी. दस्त्यावर आजोबांच्या हाताने पॉलिश उडालेलं. तो सांगत होता आणि मला एकदम आमच्या घरातली बंदूक आठवली.

हो, होती ना. कोकणात वाढलेल्यांना नवल वाटणार नाही. अण्णांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बाराबोर होती, सिंगल बॅरल. बारा बोअर म्हणजे काय ते मला इथे येऊन कळलं, त्या नळीत बसेल अशा मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर एक पौंड भरतो, म्हणून बारा. अण्णांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं, त्यांना वानर पळवण्याशी होतं. शहाळी खाली टाकायचे, केळीचे घड फाडायचे, आणि रात्री डुक्कर. बहुतेक वेळा ते वरच्या वर हवेतच बार काढायचे. काडतुसं मोजून, तळाला केएफचा शिक्का असलेली, खडकीच्या कारखान्यातली. संपलेल्याची पितळी टोपी मी खिशात घालून शाळेत न्यायचो. आणि निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. गोणपाटात गुंडाळून अण्णा एसटीने कुडाळला जायचे, पावती घेऊन यायचे, ती पावती देव्हाऱ्यात हळदीकुंकवाच्या मागे. निकाल लागून परत आणेपर्यंत वानरांची चंगळ. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कोयता, पारय, खोरं यांच्या बाजूला बंदूक मांडायची आणि तिच्या नळीत एक झेंडूचं फूल खोचायचं.

मला त्यांनी ती एकदाच हातात दिली. मी अकरा-बारा वर्षांचा असेन. कायद्यात बसत नव्हतंच ते. गडग्यावर नारळाची करवंटी ठेवली, माझ्या मागे उभे राहून खांदा धरला आणि म्हणाले, डावो डोळो मिट. मी मिटला. तर म्हणे, "तो न्हय रे, दुसरो!" मी दुसरा मिटला. पुन्हा नीट बघायला लागलो की पुन्हा पहिलाच आपोआप मिटायचा. "अरे मेल्या, दुसरो!" शेवटी जो मिटला तो मिटला आणि चाप ओढला. करवंटी तशीच, मागच्या काजूची पानं खाली आली, मी खाली बसलेला. अण्णांनी बंदूक काढून घेतली, म्हणाले, "तुझ्याच्यान होवचा नाय." रागाने नाही, म्हशीने दूध कमी दिलं असं सांगावं तसं. मी अभ्यास केला, इंजिनिअर झालो, इथे आलो.

अण्णा गेल्यावर बंदूक ठाण्यात जमा करावी लागली. परवाना माणसाच्या नावाचा असतो, तो गेला की वारसाने नव्याने अर्ज करायचा. भावाला त्या भानगडीत पडायचं नव्हतं आणि मी सात समुद्रापलीकडे. त्यामुळे मुलाला देण्यासारखी आजोबांची बंदूक माझ्याकडे नव्हती. म्हटलं मग आपणच सुरुवात करू, त्याच्या नातवापर्यंत पॉलिश उडेल.

दुकानात गेलो ते तीन शनिवार. मी आपला आधी इंटरनेटवर वाचून एक्सेल शीट बनवून गेलेलो, किंमत, वजन, रेटिंग. काउंटरमागच्या म्हाताऱ्याने शीटकडे बघितलंच नाही. पहिला प्रश्न, मुलाच्या हाताची लांबी किती? कोपर काटकोनात दुमडलं की कोपराच्या आतल्या खाचेपासून ट्रिगरवरच्या बोटाच्या पेरापर्यंत? आणि गालाचं हाड वर आहे का खाली? मान लांब का आखूड? मी गप्प. शर्टाचा साइज विचारला असता तरी बायकोला फोन करावा लागला असता. तो म्हणाला, बंदूक बुटासारखी असते, दुसऱ्याच्या पायात घालून बघून आणता येत नाही. सरप्राइज द्यायचं असेल तर घड्याळ द्या.

मग सरप्राइज सोडलं आणि पोरालाच घेऊन गेलो. म्हाताऱ्याने त्याचं माप घेतलं, शिंप्यासारखं. मी बाजूला उभा. खांदे केव्हा एवढे रुंद झाले कोण जाणे.

पहिली काट मारली ती सेमी ऑटोमॅटिकवर, म्हणजे दर बारानंतर आपोआप पुढचं काडतूस भरणारीवर. ती खांद्याला धक्का कमी देते, माझ्या शीटमध्ये ती एक नंबरला होती. पण तिचं रिकामं काडतूस उजवीकडून बाहेर उडतं, आणि डाव्या खांद्यावरून मारणाऱ्याच्या तोंडासमोरून जातं. डावखुऱ्यांसाठी वेगळ्या मिळतात पण कमी. दुसरी, खास ट्रॅपसाठी असते ती एकाच नळीची, एकच काडतूस, ब्राउनिंगची बीटी-९९. मला ती फार आवडली, अण्णांच्या सिंगल बॅरलसारखी साधी. पण मुलाला मित्रांबरोबर फेझंटच्या शिकारीलाही जायचं होतं आणि तिथे दुसरा बार हाताशी लागतो. (फेझंट हा पक्षी मूळचा इथला नाहीच बरं का, आशियातून आणून सोडलेला, इथल्या मक्यावर माजलेला. मी पोराला म्हटलं, अरे हे तर आपल्यासारखेच. त्याला जोक आवडला नाही.) म्हणजे उरली ती ओव्हर-अंडर, एकावर एक दोन नळ्यांची. मधोमध मोडते, काडतूस डावीकडे ना उजवीकडे, तुमच्याच हातात येतं. आणि लांबून बघणाऱ्या कोणालाही दिसतं की मोडलेली आहे, म्हणजे आत्ता तिच्यापासून धोका नाही. हे शेवटचं मी मनात नीट लिहून ठेवलं, घरी सांगायला.

ओव्हर-अंडरमध्ये दोन होत्या. एक इटलीची बेरेटा. त्या कंपनीकडे १५२६ सालचं व्हेनिसला नळ्या विकल्याचं बिल आहे म्हणे, १५२६, म्हणजे तिकडे बाबर पानिपतावर तोफा लावत होता तेव्हा इकडे यांचं बिलबुक चालू होतं. दुसरी ब्राउनिंग सिटोरी, नाव अमेरिकन आणि १९७३ पासून बनते जपानात. म्हाताऱ्याने तिची हकिगत सांगितली. जॉन ब्राउनिंग, ज्याच्या डोक्यातून निम्म्या जगाच्या बंदुका निघाल्या, तो १९२६ मध्ये बेल्जियममध्ये कारखान्यातच वारला, मुलाच्या ऑफिसात. त्याची शेवटची बंदूक हीच, एकावर एक नळ्यांची, म्हणजे सिटोरीची आजी. तिला दोन ट्रिगर होते, एकाच ट्रिगरने दोन्ही नळ्या चालवायचं काम मुलाने, व्हॅलने, नंतर पुरं केलं. गिऱ्हाईक बाप-लेक असले की म्हातारा ही गोष्ट सांगत असणार, धंदा आहे. पण काम केलं गोष्टीने माझ्यावर. पोरावर नाही. त्याने डोळे मिटून दोन्ही बंदुका चार-चार वेळा खांद्याला लावल्या, डोळे उघडून नळीवरून बघितलं आणि म्हणाला, "बाबा, बेरेटा वर घेतली की मला शोधायला लागतं. ही आपोआप येते." झालं. सिटोरी. नवी घेतली तर अडीच हजार डॉलरच्या पुढेच, आम्ही कोणीतरी वापरलेली घेतली, तीस इंची नळ्या, गालाखालचा दस्ता वरखाली करता येणारा.

इथे एक गंमत झाली. पोराने उन्हाळ्यात गोल्फ कोर्सवर काम करून आठशे डॉलर साठवलेले, म्हणाला हे पण घाल. दुकानदाराने हात वर केला. भेट असेल तर भेट, त्याचे पैसे मिसळले तर मी विकणार नाही. कारण फेडरल फॉर्म असतो एक, ४४७३ नंबरचा, त्यात विचारतात खरा खरेदीदार तुम्हीच का, आणि दुसऱ्याच्या पैशांनी दुसऱ्यासाठी घेऊन 'हो' लिहिलं तर गुन्हा. आपल्या पैशांनी घेऊन खरीखुरी भेट दिली तर चालतं. शॉटगन, म्हणजे अशी छऱ्यांची बंदूक, अठराव्या वर्षी त्याला स्वतःलाही घेता आली असती, पिस्तुलाला एकवीस लागतात, पण एकवीसच्या आतल्यांची २०२२ पासून जास्तीची चौकशी होते. म्हटलं मीच घेतो, बापाने घेतल्याशिवाय भेट कसली.

तो फॉर्म भरताना मात्र मजा वाटली. जन्माचा देश, नागरिकत्व, वेडेपणाचा दाखला आहे का, कोर्टाची बंदी आहे का, गांजा ओढता का. मिनेसोटात २०२३ पासून गांजा कायदेशीर, पण फॉर्मवर बजावून लिहिलंय की राज्याने काही म्हणो, आम्ही मानत नाही. आणि तुम्ही व्हिसावर आहात का. मी एच-वनवर होतो तेव्हा शिकारीचं लायसन्स वगैरे अपवाद सोडले तर मला बंदुकीला हात लावायची मनाई होती. ज्या कागदासाठी मी बारा वर्षं रांगेत उभा राहिलो त्या ग्रीन कार्डाचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

आता बायको. तिला मी नळ्यांची लांबी सांगत होतो आणि ती भाजी निवडत होती. शाळांमध्ये काय होतं ते दोघांनाही माहीत आहे, त्यावर आमची भांडणं पाठ आहेत. पण त्या दिवशी ती वेगळंच बोलली. म्हणाली, या देशात बंदुकीने जेवढे मरतात त्यातले निम्म्याहून जास्त स्वतःच स्वतःला मारतात, माहितीये ना तुला? तो अठरा वर्षांचा आहे. पहिल्यांदा घराबाहेर चाललाय. उद्या त्याचे वाईट दिवस आले तर? मी एक्सेल शीट बनवली होती, त्यात हा रकानाच नव्हता.

दोन आठवडे विषय बंद होता. मग एकदा जेवताना तिने त्याच्यासमोरच काढला, तसाच, सरळ. मला वाटलं पोरगा चिडेल. तो म्हणाला, "आई, बंदूक माझी पण तिजोरी तुझी. कोड तू ठेव. मी मागितल्यावर दे. आणि मी बरा वाटलो नाही तर देऊ नकोस, मी ओरडलो तरी." मग भाताला हात घातला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. तर आता खाली तळघरात लोखंडी तिजोरी आहे, काडतुसं वेगळ्या कपाटात, आणि कोड फक्त तिला माहीत आहे. मलाही नाही. मी विचारलं तर म्हणाली, तुझेही वाईट दिवस येतात.

जूनमध्ये पार्टी झाली, पावभाजी संपली. ऑगस्टमध्ये तो डुलुथला कॉलेजला गेला, होस्टेलमध्ये बंदूक चालत नाही, ती इथेच. २७ ऑगस्ट २०२५ ला मिनियापोलिसमध्ये, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, शाळेची मुलं चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेली असताना बाहेरून गोळीबार झाला. दोन मुलं गेली, एक आठ वर्षांचं, एक दहा. मारणाऱ्याकडे तीन हत्यारं होती, त्यात एक शॉटगन. सगळी कायदेशीर घेतलेली. म्हणजे तोच फॉर्म त्यानेही भरला असणार. त्या रात्री मी तळघरात कपडे वाळत घालायला गेलो आणि तिजोरीकडे पाठ करून उभा राहिलो. बायको काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, माझ्याकडे उत्तरं तयार होती आणि त्यातलं एकही मला स्वतःला पटत नव्हतं. मुलाने फोन केला, म्हणाला, "विकायची असेल तर वीक बाबा, मला चालेल." मी म्हटलं, नको. का नको ते अजून मला नीट सांगता येत नाही.

ऑक्टोबरात एका शनिवारी तो घरी आला. आईकडून कोड, म्हणजे तिने स्वतः खाली जाऊन उघडून दिली. मला म्हणाला, तू पण चल, चार वर्षं नुसता खुर्चीवर बसून कॉफी पितोस. गेलो. थंडी पडायला लागलेली, पानं बहुतेक गळलेली. त्याने क्लबची एक बंदूक मला दिली, कानाला मफ लावले, पाय कसे ठेवायचे, गाल कसा टेकवायचा सांगितलं. मी आपला उजव्या खांद्यावर. पुल. पुल. पुल. पहिल्या राउंडला तीन फुटले, आणि त्यातला एक मशीनमधूनच फुटलेला आला असावा असा मला संशय आहे.

पोरगा मागे उभा राहून बघत होता. राउंड संपल्यावर म्हणाला, "बाबा, सगळे डावीकडून जातायत. हात पुढे कर." मी दोन्ही हात पुढे केले, बोटांचा त्रिकोण. "त्यातून त्या शेडवरचा दिवा बघ. आता डावा डोळा मीट."

मिटला. दिवा गायब.

"आता तो उघड, दुसरा मीट."

दिवा त्रिकोणाच्या मधोमध.

पोरगा हसायला लागला, काय हसला, मला काही क्षण हसताच येईना. गडगा दिसला, करवंटी दिसली, 'दुसरो रे मेल्या, दुसरो' ऐकू आलं. मग त्याने त्याची सिटोरी माझ्या हातात दिली. म्हणाला, ही घे, डाव्या खांद्याला लाव. माझ्यासाठी दस्ता लांबच होता, माझे हात त्याच्यापेक्षा आखूड, हेही तेव्हाच कळलं. लावली. उलटा शर्ट घातल्यासारखं वाटलं. बोट कुठे ठेवायचं तेही दोनदा विचारलं.

त्या राउंडला नऊ फुटले. पंचवीसातले नऊ. करवंटी धरली तर सव्वीसातले.